अखेरच्या टप्प्यातील शुश्रूषा आणि कुटुंबाला आधार

“आता करण्यासारखे काही उरलेले नाही, रुग्णाला घरी घेऊन जा.” कर्करोगाच्या किंवा अन्य असाध्य आजाराच्या अंतिम टप्प्यातील रुग्णाच्या नातेवाइकांना हे वाक्य आजही अनेक ठिकाणी ऐकावे लागते. ते उच्चारणाऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट नसतो. रोग बरा करण्याचे उपाय संपले आहेत आणि आणखी उपचार केल्यास केवळ त्रास वाढेल, एवढेच त्यांना सांगावयाचे असते. ऐकणाऱ्या कुटुंबाला मात्र, ज्यांच्यावर विसंबून आपण इथवर आलो त्यांनीच हात सोडला, असे वाटते. मध्यरात्री वेदना असह्य झाल्या तर कोणाला विचारावे, रुग्ण जेवेनासा झाला तर काय करावे, “मी बरा होणार ना?” या त्याच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, या सर्व काळज्या ते सोबत घेऊन घरी जातात.

रोग बरा होणार नसला तरीही रुग्णासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी करण्यासारखे पुष्कळ असते, हा हॉस्पिस सेवेचा पाया आहे. ही सेवा नेमकी काय करते, रुग्णाला आपल्या उरलेल्या दिवसांत अर्थ सापडावा यासाठी तिचा कसा उपयोग होतो आणि कुटुंबाला तिच्याकडून कोणता आधार मिळू शकतो, याची माहिती आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

हॉस्पिस : कल्पना आणि वाटचाल

मध्ययुगीन युरोपात तीर्थयात्रेला निघालेल्या, थकलेल्या व आजारी वाटसरूंना आश्रय देणाऱ्या जागांना हॉस्पिस म्हणत. आपल्याकडील धर्मशाळेशी तिचे जवळचे नाते आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारणाऱ्या संत गाडगेबाबांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा मुंबईत कर्करोगावरील उपचारांसाठी येणाऱ्या रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. म्हणजे वाटसरूला निवारा आणि आजाऱ्याला सोबत या दोन्ही गोष्टी एकत्र पाहण्याची दृष्टी आपल्या मातीला परकी नाही.

आधुनिक हॉस्पिसची उभारणी डॉ. सिसिली साँडर्स यांनी केली. त्या प्रथम परिचारिका होत्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागल्यावर वैद्यकीय समाजसेविका झाल्या आणि मरणासन्न रुग्णांच्या वेदनांवर काम करावयाचे तर वैद्यकशास्त्र शिकले पाहिजे, हे ध्यानात आल्यावर १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. १९४८ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडमधून आलेला तरुण ज्यू निर्वासित कर्करोगाने मृत्युशय्येवर होता. त्याला जवळचे कोणी नव्हते. आपण जगलो याची खूणही मागे राहणार नाही, हे त्याचे मोठे दुःख होते. अशा रुग्णांसाठी एक वेगळे घर असावे, याविषयी साँडर्स त्याच्याशी बोलत असत. जाताना त्याने त्यांच्या नावे ५०० पौंड ठेवले आणि त्या भावी घरातील एक खिडकी आपली असावी, अशी इच्छा व्यक्त केली. त्यानंतर १९ वर्षांनी, १९६७ मध्ये, लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. तास्माची खिडकी तेथे आहे. जगभर पसरलेल्या या सेवेची पहिली देणगी एका मरणासन्न, निराधार रुग्णाची होती.

भारतातील पहिले हॉस्पिस १९८६ मध्ये डॉ. लुइस डिसूझा यांच्या प्रयत्नांतून मुंबईत वांद्रे येथे ‘शांति आवेदना’ या नावाने सुरू झाले. पुढे त्याच्या शाखा गोवा आणि दिल्ली येथे उघडल्या. १९९३ मध्ये केरळातील कालिकत येथे डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमन व उपशामक शुश्रूषेचे काम संस्थात्मक स्वरूपात आरंभले. १९९७ मध्ये पुण्यात वारजे येथे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र सुरू झाले. तेथे कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सेवा आणि त्यांच्या नातेवाइकांना शुश्रूषेचे शिक्षण दिले जाते.

येथे दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्यावा. उपशामक शुश्रूषा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, ही गंभीर आजाराचे निदान होताच मूळ उपचारांच्या जोडीने सुरू करता येते. हॉस्पिस सेवा ही तिचाच अखेरचा टप्पा होय. ती हॉस्पिसच्या इमारतीत देता येते, तशीच रुग्णाच्या घरीही देता येते. उपशामक शुश्रूषा स्वीकारणे म्हणजे हार मानणे, असा समज सर्वत्र आढळतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचे दोन गट करण्यात आले होते. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच उपशामक शुश्रूषा मिळाली. त्या रुग्णांचे दिवस अधिक सुसह्य गेले, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले आणि अखेरच्या काळात तीव्र उपचार कमी घेऊनही ते सरासरीने अधिक जगले. तेव्हा ही सेवा शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवण्यात रुग्णाचे हित नाही.

प्रथम शरीराची वेदना

डॉ. साँडर्स यांनी ‘समग्र वेदना’ ही संकल्पना मांडली. रुग्णाच्या वेदनेला शारीरिक, मानसिक, कौटुंबिक-सामाजिक आणि आध्यात्मिक अशी चार अंगे असतात व ती एकमेकांत गुंतलेली असतात. हाडांत पसरलेला रोग दुखतो, हे खरे. पण मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, जमीन गहाण पडली आहे, सख्ख्या भावाशी १० वर्षे बोलणे नाही आणि “माझ्याच वाट्याला हे का?” या प्रश्नाला उत्तर नाही, अशी स्थिती असली, तर तेच दुखणे दुप्पट होते. केवळ गोळ्या वाढवून ते थांबत नाही. तसेच, शारीरिक वेदना न थांबवता रुग्णाशी जीवनाच्या अर्थाविषयी बोलणे हीदेखील क्रूरता आहे. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाचे सारे विश्व त्या वेदनेएवढेच झालेले असते. म्हणून हॉस्पिसमध्ये पहिले काम औषधाचे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सुचविली. सौम्य वेदनेला साधे वेदनाशामक, मध्यम वेदनेला सौम्य अफूजन्य औषध आणि तीव्र वेदनेला मॉर्फिन. पुढे या पायऱ्यांत सुधारणा झाल्या, परंतु एक नियम कायम आहे. औषध दुखू लागल्यावर देण्याऐवजी घड्याळ पाहून, ठरलेल्या अंतराने द्यावे. पहिल्या गोळीचा परिणाम ओसरण्यापूर्वी दुसरी दिली, तर रुग्णाला वेदनेची वाट पाहत पडून राहावे लागत नाही. शक्य तोवर औषध तोंडावाटे द्यावे, म्हणजे ते घरीही देता येते.

मॉर्फिनच्या नावाने आजही अनेक कुटुंबे बिचकतात. व्यसन लागेल, रुग्ण गुंगीतच राहील, मृत्यू लवकर येईल, अशा तीन शंका हमखास विचारल्या जातात. वेदनेसाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन अशा रुग्णांत क्वचितच आढळते. आरंभी काही दिवस गुंगी व मळमळ जाणवते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठता मात्र टिकून राहते, म्हणून सोबत रेचक देणे आवश्यक असते. मात्रा हळूहळू वाढवत नेल्यास मृत्यू जवळ येत नाही. उलट, वेदना शमल्याने रुग्ण झोपतो, बोलतो, कधी उठून अंगणात बसतो.

वैध अफूची लागवड करणाऱ्या मोजक्या देशांपैकी भारत एक आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात ती परवान्याने पिकते आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तरीही आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळणे दीर्घकाळ दुरापास्त होते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे रुग्णालयांना अनेक परवाने काढावे लागत आणि बहुतेकांनी ते औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी प्रक्रिया सोपी झाली. तरीही प्रशिक्षित डॉक्टरांची उणीव आणि समाजातील भीती कायम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात उपशामक शुश्रूषेची गरज असणाऱ्यांपैकी केवळ १४ टक्के लोकांपर्यंत ती पोहोचते.

सत्य सांगावे की लपवावे?

“डॉक्टर, त्यांना काही सांगू नका. ऐकले तर ते खचतील.” आपल्याकडील कुटुंबांकडून ही विनंती वारंवार येते. तिच्यामागे प्रेम असते, म्हणून तिचा अव्हेर करणे योग्य नाही. परंतु तिचे परिणाम कुटुंबाने समजून घ्यावेत. रुग्ण आपले शरीर रोज पाहत असतो. वजन घटते आहे, औषधे बदलली आहेत, भेटीला येणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि सर्वजण खोलीबाहेर जाऊन बोलत आहेत, हे त्याच्या लक्षात येते. आपल्याला कळले आहे हे घरच्यांना समजू नये म्हणून तोही गप्प राहतो. अशा रीतीने एकमेकांच्या सर्वाधिक जवळची माणसे नेमक्या बोलण्याच्या दिवसांत एकमेकांपासून दूर जातात.

यावर उपाय म्हणून सर्व माहिती एकदम ओतणेही इष्ट नाही. अनुभवी डॉक्टर प्रथम रुग्णालाच विचारतात : आपल्या आजाराविषयी तुम्हाला काय ठाऊक आहे? आणखी किती जाणून घ्यावेसे वाटते? काहींना सर्व ऐकावयाचे असते, तर काही म्हणतात, “माझ्या मोठ्या मुलाला सांगा.” हे दोन्ही निर्णय रुग्णाचे आहेत. खोटे बोलू नये आणि विचारल्याखेरीज लादू नये, हा मध्यम मार्ग होय. “मी बरा होणार ना?” या प्रश्नाला “तुम्हाला कशाची काळजी वाटते आहे?” असे शांतपणे विचारावे. पुष्कळदा रुग्णाला मृत्यूपेक्षा त्याआधीच्या यातनांची, एकटेपणाची किंवा घरावर भार होण्याची भीती अधिक असते, आणि या भीतींवर काही ना काही करता येते. आशाही संपत नाही, तिचा विषय बदलतो. पूर्ण बरे होण्याची आशा हळूहळू नातवाची मुंज पाहण्याची, एकदा गावच्या घरी जाऊन येण्याची किंवा रात्री शांत झोप लागण्याची आशा होते.

उरलेल्या दिवसांचा अर्थ

नाझी छळछावण्यांतून वाचलेले मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की, टाळता न येणाऱ्या दुःखातही त्याला कसे सामोरे जावे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य माणसाजवळ उरते. न्यूयॉर्क येथील डॉ. विल्यम ब्राइटबार्ट यांनी याच विचाराच्या आधारे प्रगत कर्करोगाच्या रुग्णांसाठी समुपदेशनाची एक पद्धत विकसित केली. कॅनडातील डॉ. हार्वे चोचिनोव्ह यांची पद्धत अधिक साधी आहे. आयुष्यातील कोणते दिवस आपल्याला सर्वाधिक जिवंत वाटले, कशाचा अभिमान वाटतो, घरच्यांनी आपल्याविषयी काय लक्षात ठेवावे, त्यांना काय सांगावयाचे राहिले आहे, असे प्रश्न रुग्णाला विचारले जातात. उत्तरे ध्वनिमुद्रित करून, नीट लिहून काढून त्याला वाचून दाखविली जातात आणि ते लेखन कुटुंबाकडे ठेवा म्हणून राहते.

हे काम आपल्या घरांतही सहज करता येण्यासारखे आहे. आजोबांना गाव सोडून मुंबईच्या गिरणीत लागल्याची हकीकत विचारावी आणि नातवाने ती लिहून घ्यावी. आजीकडून घरच्या मसाल्याचे प्रमाण, कुलदैवताचे कुळाचार, नात्यागोत्यातील कोण कोणाचे, हे उतरवून घ्यावे. आपल्याजवळ अजून देण्यासारखे काही आहे, ही जाणीव अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुन्हा घरातील वडीलधारे स्थान देते. आजारपणात माणूस केवळ घेणारा होतो. त्याच्याकडून काही घेतले, तर त्याची प्रतिष्ठा टिकते.

अपुरी राहिलेली कामे हाही अर्थाचाच भाग आहे. इच्छापत्र, बँकेतील नामनिर्देशन, घराची कागदपत्रे यांविषयी बोलणे अनेकांना अशुभ वाटते. परंतु ती मार्गी लागल्यावर रुग्णाच्या चेहऱ्यावर आलेली निश्चिंती पाहिलेल्या कोणालाही हे बोलणे आवश्यक वाटेल. नात्यांतील हिशेबही असेच मिटवावे लागतात. अमेरिकेतील हॉस्पिस चिकित्सक डॉ. आयरा बायॉक हे निरोपापूर्वी चार गोष्टी बोलाव्यात असे सुचवितात : क्षमा मागणे, क्षमा करणे, आभार मानणे आणि प्रेम व्यक्त करणे. आपल्याकडे यांतील शेवटची गोष्ट शब्दांत सांगण्याची रीत नाही. ती डोक्याला तेल लावण्यातून, पाय दाबण्यातून, हात हातात घेऊन नुसते बसण्यातून सांगितली जाते व समोरच्याला ती पोहोचते. क्षमेचे मात्र शब्दांवाचून भागत नाही. ती बोलूनच दाखवावी लागते आणि त्यासाठी दुरावलेल्या भावाला किंवा मुलाला वेळेवर बोलावून घ्यावे लागते.

धर्माचा आधार ज्यांना आहे त्यांना तो विनासायास मिळाला पाहिजे. कोणाला हरिपाठ ऐकावासा वाटतो, कोणाला कुराणातील आयती, कोणाला बुद्धवंदना, तर कोणाला पाद्रींची भेट हवी असते. कोणाला यांतील काहीच नको असते, फक्त रेडिओवर जुनी नाट्यगीते हवी असतात. शुश्रूषा करणाऱ्यांनी आपली श्रद्धा वा अश्रद्धा रुग्णावर लादू नये. तसेच, प्रत्येकाने शांतपणे व समजुतीने जावे, अशी अपेक्षाही धरू नये. डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये नकार, संताप, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार अशा पाच अवस्था वर्णिल्या. त्या याच क्रमाने येतात किंवा सर्वांना येतातच, असे नाही. काही माणसे अखेरपर्यंत रागावलेली राहतात. त्यांचा राग ऐकून घेणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्यापाशी जाऊन बसणे, हीदेखील शुश्रूषाच होय. अर्थ बाहेरून देता येत नाही. तो शोधण्याइतके स्वास्थ्य, वेळ आणि सोबत देणे एवढेच आपल्या हाती असते.

शुश्रूषा करणाऱ्यांची शुश्रूषा

हॉस्पिस सेवेत रुग्ण आणि कुटुंब मिळून एक घटक मानला जातो. आपल्याकडे अंथरुणावरील माणसाची सेवा बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी करते. रात्रीचे जागरण, दिवसाचा स्वयंपाक, मुलांच्या शाळा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा आणि “तुम्ही हे का केले नाही?” अशी विचारणा करणारे नातेवाईक, हे सर्व तिच्या वाट्याला येते. तिची पाठ दुखते, तिचा रक्तदाब वाढतो, परंतु आपल्यालाही विश्रांती हवी असे म्हणणे तिला अपराधासारखे वाटते. म्हणून घरभेटीला जाणाऱ्या परिचारिकेने रुग्णाची नाडी पाहून झाल्यावर तिची चौकशी करणे, घरातील इतरांना कामाच्या पाळ्या लावून देणे आणि गरज पडल्यास रुग्णाला काही दिवस हॉस्पिसमध्ये ठेवून तिला झोप मिळवून देणे, हा सेवेचा आवश्यक भाग आहे.

कुटुंबाला साध्या कौशल्यांचे शिक्षण दिले, तर त्यांची भीती निम्मी होते. साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, म्हणजे पाठीला व माकडहाडाला जखमा होत नाहीत. हवेची गादी वापरावी. तोंड दिवसातून अनेकदा ओल्या स्वच्छ कापडाने पुसावे, ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावावे. औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात. दम लागत असेल तर उशाकडची बाजू उंच करावी, खिडकी उघडावी आणि चेहऱ्यावर वारा येईल असा पंखा ठेवावा.

सर्वाधिक मनस्ताप अन्नावरून होतो. “पोटात काही नाही, निदान सलाईन तरी लावा,” असा आग्रह नातेवाईक धरतात. जेवू घालणे हीच आपल्याकडे मायेची भाषा असल्यामुळे हे स्वाभाविक आहे. परंतु अखेरच्या दिवसांत शरीराला अन्न पचवता येत नाही. भूक व तहान दोन्ही मंदावतात. रुग्ण जेवत नाही म्हणून जात नसतो. तो जाण्याच्या वाटेवर असल्यामुळे त्याचे जेवण थांबलेले असते. बळेने भरविल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि अनावश्यक सलाईनमुळे हातापायांवर सूज व छातीत स्राव वाढू शकतो. पेजेचा एखादा चमचा रुग्णाने मागितला तर अवश्य द्यावा, नको म्हटले तर थांबावे. गंगाजल आणि तुळशीपत्राची आपली प्रथाही या दृष्टीने सुज्ञ आहे. ओठ ओले करण्याइतके पाणी पुरते.

मृत्यूच्या अगदी जवळची लक्षणे आधीच समजावून सांगितलेली असावीत. रुग्ण बहुतांश वेळ झोपेत राहतो, हातपाय थंड पडतात, लघवी कमी होते, श्वास अनियमित होऊन मध्येच काही सेकंद थांबतो. घशात साठलेल्या लाळेमुळे घरघर ऐकू येते. ऐकणाऱ्याला ती असह्य वाटते, परंतु बेशुद्ध रुग्णाला तिचा त्रास होत नसावा, असे तज्ज्ञांचे मत आहे. त्याला एका कुशीवर वळविल्यास ती बहुधा कमी होते. श्रवणशक्ती बराच काळ टिकते असे मानून त्याच्याशी बोलत राहावे आणि त्याच्या उशाशी वाद घालू नयेत. हे सर्व ठाऊक नसले, तर शेवटच्या रात्री घाबरलेले कुटुंब रुग्णवाहिका बोलावते आणि घरी देह ठेवण्याची इच्छा असलेल्या माणसाचा मृत्यू अतिदक्षता विभागातील यंत्रांमध्ये, आप्तांपासून दूर होतो.

घरातील मुलांना दूर ठेवू नये. त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत खरे सांगावे. “आजोबा झोपले आहेत” असे सांगितलेले मूल पुढे स्वतः झोपायला घाबरू शकते. आपल्या कोणत्याही वागण्यामुळे हा आजार झालेला नाही, हे त्याला स्पष्ट सांगणे गरजेचे असते.

निर्णय आणि कायदा

कृत्रिम श्वसनयंत्र लावावे की नाही, लावले असल्यास काढावे का, हे निर्णय कुटुंबाला आयुष्यभर छळू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी प्रतिष्ठेने मरण येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले आणि प्रौढ व सुबुद्ध व्यक्तीला आपल्या उपचारांविषयी आगाऊ लेखी निर्देश देण्याची मुभा दिली. त्यासाठीची मूळ प्रक्रिया किचकट होती. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही केलेला निर्देश नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतो. निरर्थक झालेले उपचार थांबविण्यापूर्वी रुग्णालयातील डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती आवश्यक असते. उपचार थांबविणे म्हणजे शुश्रूषा थांबविणे नव्हे. वेदनाशमन आणि स्वच्छता अखेरपर्यंत चालूच राहते. रुग्णाने आपली इच्छा वेळेवर सांगून ठेवली, तर तो भार मुलांच्या खांद्यावरून उतरतो. तेव्हा हे बोलणे शक्यतो प्रकृती बरी असतानाच व्हावे.

मृत्यूनंतर

तेरावा होतो, पाहुणे परततात आणि घर रिकामे होते. खरे एकटेपण तेव्हा सुरू होते. “आणखी एका डॉक्टरांना दाखवायला हवे होते का?” “शेवटची मॉर्फिनची गोळी मी दिली, तिच्यामुळे तर ते गेले नाहीत ना?” असे प्रश्न मनात घर करतात आणि ते कोणाजवळ बोलले जात नाहीत. त्यांची उत्तरे रुग्णाला ओळखणारे, त्याच्यावर उपचार केलेले लोकच खात्रीने देऊ शकतात. म्हणून चांगली हॉस्पिस सेवा मृत्यूच्या दाखल्यापाशी संपत नाही. काही आठवड्यांनी येणारा एक दूरध्वनी, एक घरभेट, वर्षश्राद्धाच्या सुमारास विचारपूस, एवढ्यानेही पुष्कळ घडते. दुःख हा आजार नाही. बहुतेक माणसे आप्तांच्या आधाराने त्यातून वाट काढतात. मात्र अनेक महिने उलटूनही झोप, जेवण व दैनंदिन कामे सुरळीत होत नसतील किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर तज्ज्ञाची मदत विनाविलंब घ्यावी.

आपला वाटा

या सेवेत महागडी यंत्रे अभावानेच लागतात. तिचा खर्च माणसांवर आणि वेळेवर होतो. एका घरभेटीत परिचारिका जखम धुते, औषधांचा हिशेब पाहते, सुनेशी बोलते आणि रुग्णापाशी अर्धा तास बसते. या अर्ध्या तासाचे बिल करता येत नाही. आरोग्य विम्याच्या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याभोवती आखलेल्या असल्याने घरच्या शुश्रूषेचा खर्च बहुधा त्यांत बसत नाही. दीर्घ उपचारांत आधीच ओढगस्त झालेल्या कुटुंबाकडून तो घेणे उचित नाही. म्हणूनच ही सेवा जगभर मुख्यतः धर्मादाय संस्थांच्या आणि समाजाच्या बळावर उभी राहिली. केरळात गावोगावच्या स्वयंसेवकांनी नियमित छोट्या वर्गण्या गोळा करून ती घरोघरी नेली आणि २००८ मध्ये त्या राज्याच्या शासनाने तिच्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले.

देणगीदारांनी दिलेल्या पैशांतून परिचारिकेचा पगार, घरभेटीच्या वाहनाचे इंधन, हवेच्या गाद्या, मलमपट्टीचे साहित्य, औषधे आणि समुपदेशकाचे मानधन भागते. ज्यांना धन देणे शक्य नाही, त्यांनी वेळ द्यावा. प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवक आठवड्यातून दोन तास रुग्णापाशी बसला, तरी त्या घरातील गृहिणीला बाजारहाट करता येतो किंवा निवांत झोपता येते. रुग्णांच्या आप्तांना आमची विनंती आहे की, आजार गंभीर असल्याचे कळताच उपशामक शुश्रूषेविषयी आपल्या डॉक्टरांना स्वतःहून विचारावे, शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये. विश्वस्तांना विनंती अशी की, संस्थेच्या कार्याचा आढावा घेताना बऱ्या होऊन गेलेल्या रुग्णांच्या संख्येशेजारी, वेदनेवाचून व आपल्या माणसांत देह ठेवलेल्या रुग्णांनाही स्थान असावे. त्यांना बरे करणे कोणालाच शक्य नव्हते. त्यांना एकटे न सोडणे मात्र आपल्याला शक्य होते आणि पुढेही राहील.